एसटीत स्कर्टवाला पुरुष आढळल्यास घ्यावयाची खबरदारी

उन्हाळा लागला की सूचनांचा सुकाळ होतो. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. भरपूर पाणी प्या. (नळाला आलं तर पिऊच.) सैल, सुती, फिक्या रंगाचे कपडे घाला. आता या शेवटच्या सूचनेवर काही पुरुष खरोखरच विश्वास ठेवतात आणि स्कर्ट घालून घराबाहेर पडतात. असा इसम एसटीत आपल्या शेजारी येऊन बसला तर जबाबदार सोलापूरकरानं काय करावं, यावर मात्र आजवर एकही परिपत्रक निघालेलं नाही. ती उणीव मी भरून काढतोय. मागच्या आठवड्यात बार्शीच्या गाडीत सहप्रवाशांनी या कामी जी तत्परता दाखवली ती मी अगदी जवळून पाहिली, कारण स्कर्टमध्ये मीच होतो.

आधी वर्णन देतो, म्हणजे मनात भलतंसलतं रंगवायला नको. घोट्यापर्यंत लांब, राखाडी, सुती. कमरेला इलॅस्टिक आणि वर नाडी. दोन्ही बाजूंना खोल खिसे. (बायको अजून त्या खिशांवरून रागावलेली आहे. तिच्या एकाही कुर्त्याला टेलर लोक खिसा देत नाहीत.) शिवला आपल्याच गावात, पूर्व भागातल्या एका टेलरकडे. त्याचा धंदा शाळेच्या गणवेशांचा. सोलापुरातून कुठकुठल्या राज्यांत गणवेश जातात ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातले स्कर्ट शिवणाऱ्यांत बाप्येही असतात हेही ठाऊक असेल. माप घेताना त्यानं एवढंच विचारलं, "अण्णा, प्लेटा किती टाकू?" आख्ख्या शहरात मला आजवर विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न.

आणि घातला का? तर गेल्या उन्हाळ्यात जांघेत नायटा उठला. लाजू नका, तुम्हालाही झालाय. मे महिन्यात कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात जाऊन बघा : सगळे पुरुष, सगळे जीन्समध्ये, आणि बाकडी रिकामी असून सगळे उभे. डॉक्टर म्हणाले, मलम लावा आणि ही घट्ट पँट बंद करा, तिथं वारा लागू द्या. मी वारा लागू दिला. तर आता नागरिकांची कर्तव्यं.

सुरुवात नजरेनं करावी. पायापासून वर चेहऱ्यापर्यंत जावं, तिथून पुन्हा खाली यावं. मग शेजाऱ्याला कोपर मारावं.

नंतर विचारपूस. "काय मालक, कुठलं नाटक?", "शूटिंग चाललंय का?", "नवस बोललाव का काही?" यांपैकी कुठलाही प्रश्न चालतो. "उकडतंय म्हणून घातलाय" हे उत्तर आलं तर मात्र ते मान्य करू नये. पारा ४३ वर असला, सीटचं रेक्झिन चटके देत असलं, तरी त्यामागे काहीतरी दुसरं कारण असणारच.

कंडक्टर आला की मोठ्यानं म्हणावं, "अर्धं तिकीट द्या की यांना!" मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्म्या भाड्याची सवलत आहे, त्यावरचा हा विनोद. हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात करावा. आपल्या मागच्या सीटवरच्यानं तो आत्ताच करून झालेला असला तरी. आमच्या कंडक्टरनं मान वर न करता पूर्ण तिकीट फाडलं आणि पुढे गेला. त्याला गाडीत साठ माणसं मोजायची होती, त्यानं त्यांचे पाय मोजले नाहीत.

"चाकात अडकेल हं" अशी काळजी व्यक्त करावी. मोटारसायकलवर मागे बसतो तेव्हा ही काळजी मला फार लोक दाखवतात. मंडळी, मागच्या चाकाला ती जाळी कशासाठी असते? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३. मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्धं चाक झाकलेलं हवं. ती व्यक्ती बाईच असली पाहिजे असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. तुम्ही मात्र गाडी घेतल्या घेतल्या ती जाळी काढून टाकलीत, भारी दिसत नाही म्हणून. आणि काळजी माझी करताय.

वंशाची चिंता जरूर करावी, पण उलट बाजूनं. निसर्गानं पुरुषाचा तो ऐवज पोटात न ठेवता बाहेर टांगला, कारण त्याला अंगापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. सोलापूरच्या मे महिन्यातली जीन्स म्हणजे शिट्टी न होणारा कुकर. त्यात तुम्ही तो दिवसभर ठेवता आणि संध्याकाळी मला विचारता, "मर्दासारखं राहायला काय होतं बे तुला?"

आता संस्कृती. हा विषय गाडी नाक्याबाहेर पडायच्या आत निघायलाच पाहिजे, निघाला नाही तर आपण काढावा. माझ्या समोरच्या काकांनी तो काढला. "आपल्यात असलं नसतंय," म्हणाले. मी विचार करत बसलो की आपल्यात नेमकं काय असतंय. संध्याकाळी अशोक चौकात, कन्ना चौकात, साखर पेठेत फिरून या. दिवसभर मागावर उभं राहिलेली माणसं लुंगी लावून कट्ट्यावर बसलेली असतात आणि त्यांच्याइतकं सुखी त्या वेळी गावात कुणी नसतं. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर पांढरी बाराबंदी आणि धोतर घालून गाव लोटतं, तेव्हा काठ्या पेलणाऱ्यांना कुणी विचारत नाही की पँट कुठं ठेवलीस. आषाढीला पंढरपूरला चाललेल्या म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही. म्हणजे कमरेखाली दोन नळ्या नसलेला पुरुष हे गाव पिढ्यान् पिढ्या बघत आलंय. फरक एवढाच की लुंगीची दोन टोकं मोकळी असतात आणि माझ्या टेलरनं ती जोडून उभी शिलाई मारली. चौकात कधीही सुटेल अशी भीती असेपर्यंत कपडा मर्दानी, आणि पक्का शिवला की बायकी! या शास्त्राचा शोध कुणी लावला त्याला माझ्यासमोर आणा.

"मग लुंगीच घाल की." घातली असती. पण लुंगीला दोन हात लागतात आणि एसटीला दोन. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वरचा दांडा, ड्रायव्हरनं खड्डा चुकवायला ब्रेक मारला, गाठ ढिली झाली. पुढचं तुम्हीच बघा. तेव्हा तुम्हाला खरंच अश्लील काहीतरी दिसलं असतं. शिलाई मी तुमच्या सोयीसाठी मारून घेतली आहे, माझे उपकार माना.

काकांचा पुढचा मुद्दा पाश्चात्त्यांच्या अनुकरणाचा. तो त्यांनी जीन्समध्ये बसून मांडला. पँट मुळात घोडेस्वारांची. आजवर सापडलेल्या सगळ्यात जुन्या पँटींपैकी काही चीनच्या पश्चिम भागात तुर्फानजवळच्या थडग्यांत मिळाल्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, आणि त्या घोड्यावर बसणाऱ्यांच्या होत्या. तेव्हा आपल्यापैकी जे रोज घोड्यावरून अक्कलकोट रोड एमआयडीसीला जातात त्यांनी पँट अवश्य घालावी. बाकीच्यांनी कुणाचं अनुकरण चालवलंय ते स्वतःलाच विचारावं.

कुणी काय घालावं यावर कुढणारे सगळीकडे होते, तुम्ही एकटे नाही, एवढं समाधान देतो. स्कॉटलंडातल्या डोंगरी लोकांनी बंड केलं म्हणून लंडनच्या सरकारनं १७४६ साली त्यांच्या किल्टवर कायद्यानं बंदी घातली. पुरुषाच्या घोळदार कपड्याला आख्खं साम्राज्य भ्यालं. १७८२ साली बंदी उठली आणि आता तीच माणसं लग्नात किल्ट घालून मिरवतात. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला की बाईनं पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांची परवानगी काढावी. तो हुकूम निरर्थक असल्याचं सरकारनं रीतसर सांगितलं २०१३ साली! आणि २०१७ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या नांत शहरातल्या बस ड्रायव्हरांना उन्हाळ्यात अर्ध्या चड्डीची परवानगी मिळेना, तेव्हा बाप्ये स्कर्ट घालून ड्यूटीवर आले. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये एक्सिटरच्या एका शाळेतली पोरं याच कारणासाठी स्कर्ट घालून वर्गात बसली. तिथं पारा तिशीच्या पुढे गेला म्हणून एवढा कहर. तिशी म्हणजे आपल्याकडे जानेवारीतली दुपार!

लहान पोरगं "त्या काकांनी स्कर्ट घातलाय" असं म्हणालं तर त्याला चापट मारावी. ते खरं बोललंय.

"पोलिसात द्यायला पाहिजे" असंही एकानं सुचवलं. द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्यासाठी आहे. घोटा दिसतो की नाही दिसतो अशा कपड्याला ते लावून दाखवणारा हवालदार मला भेटलाच तर त्याला पार्क चौकात मी चाट खाऊ घालेन.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं : फोन. स्कर्टवाला पुरुष दिसल्यावर व्हिडिओ काढला नाही तर तो दिसून उपयोग काय? पद्धत अशी. फोनवर रील बघतोय असं दाखवावं. आवाज मोठा ठेवावा, म्हणजे कुणाला संशय येत नाही. मग फोन हळूच उभा करावा, मान दुसरीकडे वळवावी आणि बोटानं झूम करावं. माझ्या तिरक्या समोर बसलेल्या सद्गृहस्थानं अगदी असंच केलं. चाळिशीचा, शर्ट खोचलेला, कपाळाला गंध, बोटात अंगठ्या. एका हातात फोन, आणि दुसरा हात? दुसरा हात त्याच्या स्वतःच्या जीन्सवरून, भर गाडीत, समोर दोन कॉलेजच्या मुली बसलेल्या असताना, सावकाश, निवांत, मनापासून खाजवत होता. सोलापूरपासून. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं, मुलींनी खिडकीकडे तोंडं फिरवलेलीही त्याला दिसत नव्हती. दिसत होता फक्त माझा स्कर्ट. वैराग आलं. गाडी थांबली, हा उतरला, स्टँडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि 'येथे लघवी करू नये' या पाटीखाली जे करायचं ते करून, हात न धुता, परत येऊन बसला. आणि पुन्हा फोन उभा!

मी बार्शीत उतरायच्या आत तो व्हिडिओ सोलापुरात सात रस्त्याला पोहोचला होता. वर लिहिलेलं, 'सोलापूरचं आता काय होणार'. हसून रडणारे चेहरे, तोंडावर हात ठेवलेली माकडं. तिथून तो कुठल्या तरी वधू-वर ग्रुपवर, तिथून आमच्या खानदानी ग्रुपवर. ज्या ग्रुपवर रोज पहाटे 'शुभ सकाळ' आणि फुलं टाकतात, माणसानं दुसऱ्यात देव पाहावा म्हणतात, त्या ग्रुपवर माझे पाय गोल करून लाल बाण काढलेले. एका मामांनी लगेच आईला फोन केला. "ताई, पोरगं बरं हाय ना? डॉक्टरला दाखवलंस का?" आई म्हणाली, नायट्यासाठी दाखवलंय. मामांना ते कळलं नाही. मग दोन मावश्यांचे फोन. मग भिशीत एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची सून काही बोलत नाही का हो त्याला?" आईनं त्या दिवशी चहा तसाच ठेवला आणि घरी आली. सत्तरीची बाई आहे ती. तिनं काय केलं होतं तुमचं?

बास झालं. आता सरळच बोलतो.

अरे, लाज वाटत नाही? भर रस्त्यात थुंकता, भिंतींवर धार सोडता, सिग्नलला उभं राहून नको तिथं हात घालता, बाईच्या अंगावर पडेपर्यंत पाय फाकवून बसता, आणि तुमचं लाजेचं डोकं उठतं ते एका माणसानं अंग घोट्यापर्यंत झाकलं म्हणून? मी त्या वैरागच्या भिंतीसमोर तुमच्या पाठीचा व्हिडिओ काढला का? काढता आला असता. फोन माझ्याही खिशात होता, आणि खिसा खोल आहे. नाही काढला, कारण मला घरी एवढं शिकवलंय की माणूस हे चित्र नाही, त्याला विचारल्याशिवाय त्याचं काही घ्यायचं नसतं. तुम्हाला शिकवलं नाही का कुणी? का शिकवलं होतं आणि दीड जीबी डेटा रोज संपवायचा म्हणून विसरलात?

बघायचं तर बघा. हसायचं तर हसा, मलाही पहिल्या दिवशी आरशात हसू आलं होतं. विचारायचं तर विचारा, टेलरचा पत्ता देईन, प्लेटा किती टाकायच्या तेही सांगेन. पण फोन खाली ठेवायचा. आणि माझ्या आईला फोन करायचा नाही. माझा नंबर त्याच ग्रुपवर आहे. एकाही मामाच्यानं तो लावण्याची हिंमत झालेली नाही.