केबल तोडा, पैसे वाचवा : सांगलीकर गृहस्थांसाठी काही सूचना

घरखर्चाला कात्री लावायचे ठरले की सांगलीच्या मध्यमवर्गीय गृहस्थाची नजर प्रथम केबलच्या बिलावर जाते, आणि ती तिथेच जावी हे योग्य आहे. दूध कमी केले तर चहा बिघडतो, मुलांची शिकवणी बंद केली तर शेजारच्या मुलाचे गुण डोळ्यांत खुपू लागतात आणि पेट्रोलला हात लावण्याची सोय नाही. केबल तोडली तर मात्र दुसऱ्या दिवशी घरात कोणी आजारी पडत नाही. शिवाय एवढ्या थोड्या रकमेत त्यागाचे एवढे मोठे समाधान देणारी दुसरी बाब घरात शोधूनही सापडायची नाही. तेव्हा आपण निर्णय घेतलाच आहे असे गृहीत धरून, तो पार पाडताना घ्यावयाची काळजी तेवढी पुढे सांगितली आहे.

निर्णय जाहीर करण्यापूर्वी थोडा अभ्यास करावा, कारण ज्याला आकडे तोंडपाठ आहेत त्याच्याशी घरात सहसा कोणी वाद घालत नाही. १ फेब्रुवारी २०१९पासून ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेची नवी दरपद्धती लागू झाली, तेव्हा प्रेक्षकाने जेवढे पाहावे तेवढ्याचेच पैसे द्यावेत असा तिचा उदात्त हेतू सांगितला गेला होता. त्यानुसार शंभर वाहिन्यांसाठी नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १५३ रुपये ४० पैसे एकही सशुल्क वाहिनी न घेता द्यायचे ठरले आणि सशुल्क वाहिन्यांचे दर त्यावर वेगळे आले. २०२०मध्ये त्याच शुल्कात दोनशे वाहिन्या मिळू लागल्या, त्यामुळे आपण कधीही न पाहणाऱ्या वाहिन्यांची संख्या तेवढी वाढली. जुलै २०२४मध्ये तर या शुल्कावरची कमाल मर्यादाच उठवण्यात आली. हा सगळा इतिहास जेवणाच्या वेळी, शक्यतो आवाज चढवून सांगावा. मालिका, क्रिकेट आणि मुलांची कार्टूने धरून आपले बिल महिन्याला सव्वातीनशे येत असेल तर वर्षाचे ३,९०० रुपये होतात, हेही त्याच दमात सांगून टाकावे. हे ३,९०० रुपये म्हणजे आपली बचत. यापुढे जे काही खर्च होतील ते या रकमेतून वजा करायचे नाहीत, एवढे एकच पथ्य पाळायचे आहे.

यावर घरातले कोणीतरी कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचे उदाहरण काढील. २०२२पासून त्या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. देशभर या गावाची वाहवा झाली, हे खरे आहे. तरीही हे उदाहरण ठामपणे फेटाळावे. बंद ठेवलेल्या दीड तासाचे भाडे काही वजा होऊन येत नाही, म्हणजे पैशाच्या दृष्टीने त्या गावाने काहीच साधले नाही. त्यांनी केबल ठेवून टीव्ही बंद केला. आपल्याला केबल बंद करून टीव्ही चालू ठेवायचा आहे.

एखादे निवृत्त काका ‘डीडी फ्री डिश’ही सुचवून पाहतील. डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेल्या प्रसार भारतीच्या या सेवेला मासिक भाडे नाही. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च केला की सह्याद्री वाहिनीसकट पुष्कळ काही फुकट दिसते. या योजनेत दोष एवढाच आहे की तिच्यात पैसे खरोखरच वाचतात आणि खरोखर वाचलेल्या पैशांविषयी चारचौघांत बोलण्यासारखे काही उरत नाही. शिवाय विश्रामबागेतल्या अपार्टमेंटच्या गच्चीवर आपली छत्री दिसली की सोसायटीतले लोक आपल्या प्रकृतीची आणि नोकरीची काळजीने चौकशी करू लागतात. काकांना चहा द्यावा आणि विषय हळदीच्या भावाकडे वळवावा.

आता मुख्य कामाकडे वळू. केबल तोडली की जुना टीव्ही निरुपयोगी ठरतो, म्हणून स्मार्ट टीव्ही घ्यावा. तो हप्त्याने घ्यावा, कारण हप्ता हा खर्च नसून शिस्त असते. त्या टीव्हीला इंटरनेट लागते. ब्रॉडबँडसाठी फोन करून ठेवला की जोडणी द्यायला कोण येतो तेवढे शांतपणे पाहावे. बहुधा परवापर्यंत केबलचे पैसे न्यायला येणारा मुलगाच दारात उभा असेल, कारण गल्लोगल्लीच्या केबलचालकांनी ब्रॉडबँडचाही व्यवसाय केव्हाच सुरू केलेला आहे. ‘काका, बंद कशाला करताय? दोन्ही घ्या की, जोडून घेतलं तर स्वस्त पडतंय,’ असे तो मनापासून सुचवील. त्याचे अजिबात ऐकू नये. मग तो त्याच खांबावरून, त्याच गच्चीच्या कठड्याला गुंडाळून आणि खिडकीच्या चौकटीतल्या त्याच भोकातून जाडजूड काळ्या वायरीच्या जागी एक बारीक वायर आत घेईल आणि आपण केबलच्या जाचातून मुक्त व्हाल. महिन्याच्या ४९९ रुपयांवर १८ टक्के कर धरला की ५८८ रुपये ८२ पैसे होतात, म्हणजे वर्षाला सात हजारांच्या वर. पण हे पैसे करमणुकीवर खर्च होत नसून मुलांच्या शिक्षणावर खर्च होतात, असे धरून चालावे. मुलांचेही तेच म्हणणे असते.

इंटरनेट आले म्हणजे चित्र आले असे मात्र नव्हे. झी मराठीच्या मालिका झी५वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर आणि सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर, अशी ही वाटणी आहे. घरात सासूबाई एका वाहिनीच्या आणि आपली पत्नी दुसऱ्या वाहिनीची असेल, तर पूर्वी जे भांडण रिमोटवरून फुकटात होत असे ते आता दोन स्वतंत्र वर्गण्या भरून कायमचे मिटवता येते. सशुल्क ग्राहकाला काही मालिकांचा भाग टीव्हीच्या आधीच पाहायला मिळतो. त्यामुळे उद्या कोणाच्या लग्नात विघ्न येणार हे सासूबाईंना आजच कळते आणि संध्याकाळी पारावर बसणाऱ्या बायका त्यांच्याजवळ बसायचे टाळू लागतात. मुलासाठी नेटफ्लिक्सची १४९ रुपयांची योजना घ्यावी. ती फक्त फोनवर किंवा टॅबवर चालते, म्हणजे आपण हप्त्याने घेतलेला मोठा टीव्ही तेवढा वेळ विश्रांती घेतो. मेहुण्याचा पासवर्ड वापरण्याची जुनी घरगुती पद्धत नेटफ्लिक्सने जुलै २०२३मध्ये भारतात बंद केली आणि नातेसंबंधांतला एक महत्त्वाचा धागा तुटला, याचे वाईट वाटून घेऊ नये.

केबलवरच्या जाहिरातींना आपण कंटाळला होता, हेही एक कारण आपण सांगितले असेल. ॲमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी १,४९९ रुपये आहे, आणि जून २०२५पासून तिथेही जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये भरण्याची सोय कंपनीने करून दिली. केबलवाल्याला अशी सोय कधी सुचली नव्हती, यावरून तो किती मागासलेला आहे हे ध्यानात यावे.

या सगळ्या वर्गण्या महिन्याच्या महिन्याला आठवणीने भरत बसू नये. यूपीआयवरून पैसे आपोआप वळते होण्याची संमती एकदाच द्यावी. पैसे जाण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी तसा संदेश येतो. तो वाचायचा नाही, कारण वाचल्यावर वर्गणी रद्द करावीशी वाटते आणि रद्द करण्याचे बटण शोधण्यात रविवार जातो. केबलवाला दारात येत असे तेव्हा पैसे हाताने मोजून द्यावे लागत आणि दिले की मनाला लागत. न दिसता जाणारे पैसे फारसे लागत नाहीत. याशिवाय मोबाइलचे रिचार्ज आहेतच, कारण घरातले प्रत्येकजण आता आपापल्या खोलीत आपापला पडदा घेऊन बसलेले असते. वर्षाचे महिने बारा असले तरी २८ दिवसांच्या हिशेबाने रिचार्ज तेरा करावे लागतात. पण केबलचे महिने बाराच होते आणि आपण ते बाराच्या बारा वाचवले आहेत.

क्रिकेटच्या दिवशी मात्र थोडे मनोबल लागते. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण केबलच्या मागे काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही रेंगाळते. आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत असतो आणि भिंतीपलीकडून जोश्यांच्या घरातला आरडाओरडा ऐकू येतो. त्यावर खिडक्या लावून घ्याव्यात, किंवा भडंगाचा पुडा घेऊन सरळ जोश्यांकडेच जाऊन बसावे. सामना संपेपर्यंत तिथे केबलवाल्यांच्या लुटीविषयी बोलत राहावे. त्यांच्याकडे केबल असल्यामुळे ते लक्ष देऊन ऐकतात.

पावसाळा ही खरी परीक्षा असते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असते आणि ऑगस्ट २०१९मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले होते, हे कोणी विसरलेले नाही. अशा दिवसांत पाण्याची पातळी आणि कोयनेचा विसर्ग स्थानिक केबल वाहिनीवर सतत खालच्या पट्टीत फिरत असतो. आपल्या जिओहॉटस्टारवर त्या वेळी गुप्तहेरांच्या मालिका उत्तम दिसतात. तेव्हा पुराची माहिती व्हॉट्सॲपवरून मिळवावी. तिथे २०१९चीच चित्रफीत दर वर्षी ‘आत्ताचीच’ म्हणून येते आणि धरणाचे सगळे दरवाजे दिवसातून चार वेळा उघडतात. गावभागातले आपले आप्त त्या जोरावर गव्हाची पोती माळ्यावर चढवतात आणि दोन दिवसांनी खाली उतरवतात, त्यामुळे व्यायामशाळेची फी वाचते. ती आपल्या बचतीत धरायला हरकत नाही.

इतके असूनही एखाद्या रात्री पाऊस वाढला आणि घरच्यांनी केबल पुन्हा जोडण्याचा आग्रह धरला तर फार ताणू नये. बॉक्स परत केलेला नसेल तर तो मुलगा फोनवरच तासाभरात वाहिन्या चालू करून देतो, आणि ‘मी म्हटलंच होतं, काका’ एवढेही म्हणत नाही, कारण त्याला ब्रॉडबँडचेही पैसे मिळत असतात. आलेले बिल केबलच्या खात्यात न दाखवता आपत्तीच्या खर्चात टाकावे. पूर ओसरल्यावर ती पुन्हा बंद करायची राहून गेली तर दिवाळीपर्यंत थांबावे, कारण दिवाळीत मुंबईचे पाहुणे येतात आणि त्यांना आपल्या घरात काय काय दिसते हे पाहायची फार सवय असते.