कुंभाराचा आवा हवेवरून आलेला नाही

घागर भरायचा सण जवळ आला की आमच्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. म्हणे कुंभाराचा ‘आवा’ (मडकी भाजायची भट्टी) म्हणजे अरबी ‘हवा’. शब्द आणि मडकी भाजायची विद्या दोन्ही सुलतानांसोबत आली, त्याआधी आपण मडकी नुसती उन्हात वाळवायचो. शिवाय तुकोबांच्या ‘आवा चालली पंढरपुरा’मधला आवा तोच, म्हणजे देहाची भट्टी!

‘हवा’ अरबीतून आला, एवढं खरं. आवा मात्र संस्कृत ‘आपाक’चा वंशज. त्यात ‘पच्’ धातू आहे, म्हणजे शिजवणं, भाजणं. दोन स्वरांमधल्या ‘प’चा प्राकृतात ‘व’ होतो: दीपाचा दिवा, तापाचा ताव, सपत्नीची सवत. ‘क’ गळाला, जसा ‘कुंभकार’मधून गळून कुंभार उरला. हिंदीतला ‘आवाँ’ याच घरातला.

आणि आवा रचताना कुणी पाहिलाय की नाही? गोवऱ्या, पऱ्हाट्या, मधे मडकी, वरून कुटार-तणस आणि राख-मातीचा लेप. हा सगळा खटाटोप वारं आत घुसू नये म्हणून. एका अंगानं वारं लागलं की तिकडची मडकी तडकलीच समजा.

उन्हात वाळवलेल्या मडक्यात मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा पाणी भरून पाहावं. माती साधारण ५०० ते ६०० अंशांवर तापली की तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, त्यानंतर तिचा पुन्हा चिखल होत नाही. नागपूरकडच्या टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथल्या शिलावर्तुळांत (दगडांचं कडं रचलेल्या प्राचीन दफनांत) काळी-तांबडी भाजलेली भांडी निघाली आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. भाजताना आतल्या बाजूला आणि काठाला प्राणवायू पोचला नाही म्हणून तिथे काळी, बाहेर पोचला म्हणून तांबडी. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीही सापडली. अलाउद्दीन खलजी देवगिरीवर आला १२९६मध्ये.

राहिले तुकोबा. कुंभाराचा आवा पुल्लिंगी: आवा पेटला, आवा लागला. अभंगात ती ‘चालली’, म्हणजे बाई आहे, सासू आहे. वेशीपासून परत येते आणि सुनेला बजावते, दूध-दही खर्चू नको. देहाच्या भट्टीला सून कुठून आली, ते मेसेजमध्ये दिलेलं नाही.