न ऐकता बॅण्ड नाकारायची सोपी रीत

भाऊ, तुम्हाला हेवी मेटल संगीतातलं शष्प कळत नसेल तरी घाबरायचं कारण नाही. एखादा बॅण्ड फेस्टिव्हलच्या लाइनअपमध्ये शोभतो की नाही हे सांगायला तो आधी ऐकावा लागतो, अशी माझीही समजूत होती. परवा धान खरेदी केंद्रावर ती दूर झाली. बारदाना संपला म्हणून काटा बंद, ट्रॅक्टरची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत, आणि माझ्या ट्रॉलीला टेकून आमच्याच गावचे दोन मेटलभक्त मुंबईच्या एका फेस्टिव्हलचं पोस्टर मोबाइलवर बघत उभे. मी एवढंच म्हणालो की यात क्रिप्टॉस हा आपला भारतीय मेटल बॅण्ड पाहिजे होता. झालं! बारदाना आला, काटा सुरू झाला, ओलावा 17 टक्क्यांच्या वर दाखवतो म्हणून माझं धान बाजूला पडलं, तरी यांचा निकाल लागेना. तिथं जे शिकायला मिळालं ते तुम्हालाही द्यावं म्हणतो.

पहिली गोष्ट, कान बंद ठेवा आणि पोस्टरवरची अक्षरं बघा. ज्याचं नाव ठळक तो थोर, शेवटच्या ओळीतला अंडररेटेड, आणि पोस्टरवर जो नाहीच तो त्या लायकीचाच नव्हता. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेल्या अंगठ्यानं पोस्टर मोठं करताना काचेवर चुन्याचा ठिपका पडतो. त्याखाली कुणाचं नाव झाकलं गेलं तर तो बॅण्ड रद्द समजावा.

बॅण्ड चार लोकांनाच माहीत असेल तर विचारा, ‘गर्दी कोन आणन जी?’ चार लाख लोकांना माहीत झाला की म्हणा, विकला गेला. ब्लडीवूडवर हा प्रयोग करून झालेला आहे. दिल्लीची ही पोरं यूट्यूबवर गाण्यांची टिंगल करत होती तेव्हा म्हणे टाइमपास. 2019 ला वाकेनच्या मेटल फेस्टिव्हलला वाजवून आली, तर म्हणे यात मेटल कुठं आहे, नुसता ढोल.

नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेला आयर्न मेडन या मेटल बॅण्डचा टी-शर्ट अंगात असला की पुरावा लागत नाही.

‘गातो का बोंबलतो?’ हे अवश्य विचारा, पण वरातीतला डीजे थांबल्यावर विचारा, नाहीतर ऐकू जाणार नाही.

मेटल हे इंग्रजी शाळेतल्या शहरी पोरांचं खूळ आहे, हेही सांगून ठेवावं. मेटलची सुरुवात करणाऱ्या ब्लॅक सॅबथ बॅण्डच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांचे शेंडे बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटले आणि त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, ती बोटांवर चढवून गिटार वाजवली, 1970 ला पहिला अल्बम काढला, वगैरे गोष्टींकडे लक्ष देऊ नये. राईस मिलच्या पट्ट्यात बोट गेलेला माणूस आपल्या गल्लीत राहतो, त्याच्याकडेही बघू नये.

आता हुकमी पत्ता. म्हणायचं, ‘आपलं पब्लिक फॅमिली पब्लिक आहे. लाइनअपला एक मूड असतो. मधेच मेटल आलं की मूड तुटते.’ परवा हेच वाक्य मला तीनदा ऐकवलं गेलं. आणि ऐकवणारा माणूस कुठला? भंडारा जिल्ह्यातला! जिथं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, तिकडं खडी गंमत ही आपली लोकनाट्यं, आकाशपाळणा, जिलेबीची कढई, आणि रात्री नाटक. तेही झाडीपट्टीचं. वडशाची नाटक मंडळी येते, दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. स्टेजवर बाप मेलेला असतो, सून ऊर बडवत असते, आणि तेवढ्यात दिवे लाल-निळे होऊन नाचाचं गाणं सुरू. पब्लिक वन्समोअर मागतं. गाणं संपलं की सून पुन्हा रडायला बसते आणि बायाही तिच्याबरोबर पदर डोळ्याला लावतात. मूड तुटला म्हणून आजवर कुणी चादर गुंडाळून घरी गेलंय का? कडाक्याच्या थंडीत पाच तास हे पचवणाऱ्या पब्लिकला म्हणे एका हळुवार गिटारवाल्यानंतर पाऊण तास क्रिप्टॉस पचणार नाही!

आणि येता-जाता ज्या वाकेनचं नाव घेता, ते आहे तरी काय? उत्तर जर्मनीतलं एक खेडं. वस्ती दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं ग्रामपंचायतीपुरतं गाव. 1990 पासून तिथं मेटलचा फेस्टिव्हल भरतो, आता 80 हजारांवर माणूस येतो. 2023 ला पाऊस असा पडला की रोवणीच्या बांधीत ट्रॅक्टर फसावा तशी गाड्यांची गत झाली आणि लोकांना आत घेणंच थांबवावं लागलं. या मेटलच्या पंढरीत वर्षानुवर्षं कोण वाजवतं माहीत आहे? गावच्या फायर ब्रिगेडचा बॅण्ड. तुतारीसारखी पितळी वाद्यं फुंकणारे गावकरी! समोर केस सोडलेले, काळ्या कपड्यांतले हजारो लोक त्यांच्यावर नाचतात. मूड काही तुटत नाही तिथं. तो फक्त तुमचाच तुटतो, तोही कुणी न विचारता, दुसऱ्याच्या ट्रॉलीला टेकून!

असो. मी सल्ले देत होतो.

एवढं करूनही कुणी बॅण्डला बोलावलंच, तर दुपारी दोनच्या उन्हात स्टेजवर चढवावं, आवाज अर्धा ठेवावा आणि संध्याकाळी म्हणावं, बघा, गर्दीच नव्हती.

पुरे झालं. शेवटी मी त्या दोघांना सरळ विचारलं, क्रिप्टॉसचा एक तरी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला का? एकजण खर्र्याची पुडी बांधत म्हणाला, ‘रील पायलो ना जी.’

रील पाहिला! बंगळुरूचा हा बॅण्ड 1998 पासून वाजवतोय. यूरोपभर हिंडला, 2013 ला वाकेनच्या स्टेजवर उभा राहिला. आणि तो कुठं शोभतो हे तुम्ही अर्ध्या मिनिटाच्या रीलवर ठरवणार? मुंबई लांब आहे, मान्य. गोंदियावरून विदर्भ एक्सप्रेस धरायची, रात्र काढायची, वर फेस्टिव्हलचं तिकीट. धानाचे पैसे खात्यात जमा व्हायच्या आधी ते कुणालाच जमत नाही, मलाही नाही. पण अल्बम ऐकायला मुंबईला जावं लागत नाही. पाऊण तास लागतो. त्या रांगेत तुम्ही सकाळपासून उभे होता, मोबाइल हातात होता, नेट चालू होतं, आणि एवढ्या वेळात ऐकलं काय? एकमेकांना.

आयोजक तिकिटं बघतो आणि आकडे बघतो. तुम्ही तिकीट काढत नाही, टी-शर्ट घेत नाही, गाणं पुरतं वाजू देत नाही. मग तो बॅण्ड घेईल कशाच्या जिवावर? तुमच्या चर्चेच्या? उद्या पोरांनी कंटाळून गिटारी विकल्या की ‘लेजंड होते यार’ म्हणत आरआयपीचा पहिला स्टेटस तुमचाच असेल. लाज वाटू द्या जरा. 2024 ला त्यांचा नवा अल्बम आलाय. नाव मी सांगणार नाही, शोधा. आणि ऐकून होईपर्यंत माझ्या ट्रॉलीला टेकू नका.