पाच किलोमीटरचे सात तास

वरच्या मजल्यावरचे मास्तर पदक उलटंसुलटं करून बघत होते. ‘५ किमी,’ त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दिवाणावर आडवा, उजवा पाय दोन उशांवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. ‘पहाटे चारला तुमचं दार वाजलं तेव्हा मी जागाच होतो,’ मास्तर म्हणाले, ‘आणि आलात दुपारी एकला.’ मास्तर गणित शिकवायचे. पुढचा हिशेब त्यांनी मनातच ठेवला, ही त्यांची माया.

तर एकदाच सांगतो. मी ४२.१९५ किलोमीटर पळालो. वय ५८. संभाजीनगरातून निघायचं, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबाद गाठायचं, पुढे थोडा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने परत. दौलताबादला जाऊन परत यायची दगदग मोहम्मद तुघलकानेही १३२७ पासून दिल्लीकरांना करायला लावली होती. पण त्याने नोंदणी शुल्क घेतल्याचं वाचनात नाही.

याआधी दोनदा नाव नोंदवलं आणि दोनदा घरीच बसलो. पहिल्यांदा टाच गेली. प्लान्टार फॅसायटिस. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की खिळ्यावर ठेवल्यासारखं. आठ महिने पायाखाली बर्फाची बाटली घोळवली. वर बायकोने निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, त्याने टाच तशीच राहिली पण घराला काढ्याचा वास लागला. दुसऱ्यांदा गुडघ्यातली गादी फाटली, तीही रिक्षातून उतरताना. पळताना फाटली असती तर चार लोकांत सांगता तरी आली असती.

ते असो. सांगायचंय ते शरणापूर सोडल्यानंतरचं, तेहतिसाव्या किलोमीटरचं. सव्वादहा वाजले होते, ऊन चढलं होतं. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. मी ज्याला पळणं म्हणत होतो, ते बघून एक कुत्रं उठलं, चार पावलं सोबत आलं आणि कंटाळून परत जाऊन झोपलं. तेवढ्यात बाजूला एक मोटारसायकल येऊन माझ्या वेगाने चालू लागली. दोन्हीकडे दुधाचे कॅन. चालवणारा माझ्याच वयाचा, चार केस जास्तच पांढरे.

‘मामा, कोणी वारलं का?’

आधी मला त्या ‘मामा’चाच राग आला. म्हटलं, ‘नाही हो. मॅरेथॉन आहे.’

‘ते गेले की सगळे. आठ-नऊच्या टायमाला. तुम्ही आत्ता निघाले का?’

‘मीही पाचलाच निघालोय.’

गाडी थोडा वेळ नुसतीच चालली. तो मनात काहीतरी मोजत असावा. मग आवाज उतरवून म्हणाला, ‘शुगर हाय का? डॉक्टरनं सांगितलं का पळायला?’

‘डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय.’

‘मंग कामून पळायले?’

या प्रश्नाचं उत्तर पाचव्या किलोमीटरला माझ्याकडे होतं. चांगलं दोन-तीन वाक्यांचं होतं. तेहतिसाव्याला त्यातला एक शब्द आठवेना.

‘बरं, किती देतेत?’

‘देत नाहीत. आपण भरायचे. अठराशे.’

त्याने करकचून ब्रेक मारला. कॅन एकमेकांवर आदळले. मी पुढे निघून गेलो. त्या दिवशी मी मागे टाकलेलं एकमेव वाहन ते. चार सेकंदांत तो परत बाजूला.

‘पळायचं आपण.’

‘हो.’

‘पैसेबी आपण.’

‘हो.’

‘मंग ते काय करतेत?’

‘ते पाणी देतात ना. दर दोन किलोमीटरला.’

त्याने पाय टेकवून गाडी उभी केली. मान वळवून मागे शरणापूरकडे बघितलं. मग पुढे मिटमिट्याकडे बघितलं.

‘कुठंय?’

पाणी नव्हतंच. अठ्ठाविसाव्याला टेबल होतं, त्यावर रिकामी खोकी. तिसाव्याला टेबलही नव्हतं, नुसते चेपलेले कागदी पेले आणि केळ्याची सालं. मीठ, संत्र्याच्या फोडी, ढोल, टाळ्या, ‘कमॉन अंकल’, सगळं तीन-साडेतीन तासांत पळणाऱ्यांना मिळालं. त्यांना खरं तर ते प्यायलाही वेळ नसतो, निम्मं डोक्यावर ओततात. ज्याला सात तास उन्हात राहायचंय त्याच्या वाट्याला सालं. शुल्क मात्र दोघांना सारखंच. सात तासांची मुदत मी ठरवली नव्हती, त्यांच्याच माहितीपत्रकात छापली होती.

‘बसा मागं,’ तो म्हणाला. ‘गाव आलं की अलीकडं उतरवतो. कोण बघतंय?’

हा सल्ला नवा नाही. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये फ्रेड लॉर्झ नावाचा धावपटू वाटेत थकून मोटारीत बसला, मोटार बंद पडली म्हणून उतरला आणि पळत पळत स्टेडियमात शिरला. लोकांनी त्यालाच पहिला समजून डोक्यावर घेतलं. मग फुटलं बिंग. मी दूधवाल्याला लॉर्झ सांगत बसलो नाही. छातीवरचा नंबर दाखवला. ‘यात चिप आहे. कुठे होतो, किती वाजता होतो, सगळं कळतं त्यांना.’

त्याने वाकून बघितलं. ‘म्हशीच्या कानात बिल्ला मारतेत, तसलं?’

‘तसंच काहीसं.’

‘आमच्या म्हशीला फुकट मारला पण.’

पुढे मला त्याच्या दोन म्हशींची सविस्तर माहिती मिळाली. एक मारकी आहे. दुसरी जावयाने दिली आणि फॅटला कमी भरते, त्यामुळे जावयाचं नाव काढलं की गाडी वाकडी जायची. त्याचाही गुडघा दुखतो. पण तो दुखतो म्हणून तो पळत नाही, हे त्याने मला दोनदा समजावून सांगितलं. मग हँडलला अडकवलेली बाटली काढून दिली. पाणी कोमट होतं, बाटलीला दुधाचा वास होता. मी सगळं प्यायलो, त्याच्यासाठी घोटभरही ठेवलं नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं ते तो गेल्यावर.

‘मिटमिट्याला चहा घेऊ,’ तो म्हणाला. ‘पाच मिनिट.’

इथे मात्र मी खंबीर राहिलो. कारण मला शिझो कानाकुरी माहीत होता. हा जपानी गडी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये उन्हाने बेजार होऊन वाटेतल्या एका घरी काहीतरी थंड प्यायला थांबला आणि कोणाला न सांगता मायदेशी निघून गेला. स्वीडिश लोकांनी त्याला १९६७ मध्ये बोलावून ती शर्यत पुरी करायला लावली. वेळ लागली ५४ वर्षं, ८ महिने आणि वर काही दिवस. थंड पिऊन ही गत, तर चहात काय होईल? मला खुर्चीत बसता येत होतं, उठता येईल याची खात्री नव्हती.

तो गेला. पडेगावच्या अलीकडे पुन्हा भेटला, रिकाम्या कॅनचा खडखडाट करत परत निघालेला. पलीकडच्या बाजूने ओरडला, ‘अजून हितंच?’

शर्यतीतले शेवटचे १९५ मीटर इंग्रजांच्या राजघराण्याची कृपा आहेत. १९०८ ला लंडनमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून राजघराण्याच्या आसनासमोर संपवायची होती, तेव्हा जे अंतर भरलं तेच पुढे १९२१ मध्ये कायम झालं. माझे शेवटचे १९५ मीटर संपले तेव्हा समोर मंडपवाला होता. तो खुर्च्या टेम्पोत चढवत होता. कमान आडवी झाली होती. ‘साइड घ्या काका,’ तो म्हणाला. ६ तास ४८ मिनिटं. बारा मिनिटं शिल्लक होती. टी-शर्ट घातलेल्या एका पोराने खोक्यात हात घालून हाताला आलं ते पदक माझ्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाला, ‘पोहे संपले.’

सोमवारी आयोजकांना फोन केला. त्यांनी अदबीने ऐकून घेतलं. ४२ ची पदकं संपली, म्हणाले, कारण दहावाल्या काही पोरांनी तीच उचलली, मोठी दिसतात म्हणून. प्रमाणपत्र त्यांनी लगेच पाठवलं. अंतर ५ किमी, वेळ ६:४८:११. खाली ‘अभिनंदन’.

पदक बदलून मिळेल, पण मूळ पदक घेऊन समक्ष यावं लागेल. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. डॉक्टरांनी मला दीड महिना जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय.