अण्णांच्या कपाळावरची खूण आणि ते 38 गोल

आज संध्याकाळी चहाच्या गाड्यावर एक पोरगं जे बोललं, ते अजून डोक्यातनं जाईना. जेवणावर पण लक्ष नव्हतं. म्हणून लिहायला बसलोय.

पोरगं वीसेक वर्षांचं, आमच्याच गल्लीतलं. अंगात बार्सिलोनाचा शर्ट, पाठीवर 10 नंबर. मोबाईलवर यादी बघत होतं: स्पेनच्या ला लीगात एका हंगामात सर्वांत जास्त गोल कुणाचे. वर मेस्सीचे 50. मग रोनाल्डो वगैरे. खाली सरकत सरकत 38 वर दोन नावं, ह्युगो सांचेझ आणि तेल्मो झार्रा. झार्राच्या नावापुढं 1950-51. पोरगं म्हणालं, "हे कोण आणि? त्या वेळी गोलकीपर काय हात बांधून उभे असायचे. असले गोल मोजायचेच कशाला?"

सगळी हसली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारच्या बाकड्यावर बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. उजवा हात तेवढा वर गेला, आणि भुवईच्या वर जिथं ती खूण आहे तिथं अंगठा एकदा फिरला.

ती खूण आमच्या जवळच्या मित्रांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. अण्णा पेठेच्या टीमचे सेंटर फॉरवर्ड. तेव्हाचा बॉल चामड्याचा. आत रबरी ब्लॅडर घालायचा, हवा भरायची, तोंड बांधून आत सारायचं आणि वरची चीर चामड्याच्या वादीनं आवळायची. त्या वादीची गाठ बाहेर राहायची. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साठतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. त्या पाण्यात बॉल भिजला की दगड व्हायचा. असाच एका पावसात प्रॅक्टिसला कॉर्नर आला, अण्णा उठले, आणि गाठ बरोबर कपाळावर बसली. चार टाके. गोल मात्र झाला, हे आजी शेवटपर्यंत सांगायची.

आता त्या 38 बद्दल.

1950-51 ला लीग नुकतीच 14 वरून 16 संघांची झाली होती. म्हणजे प्रत्येकाला सामने 30. तीस! 30 सामन्यांच्या लीगमध्ये 38 गोल. ह्युगो सांचेझनं बरोबरी केली 1989-90 मध्ये, तेव्हा लीग 38 सामन्यांची होती. आणि तो आकडा ओलांडायला 2011 उजाडलं. साठ वर्षं! साठ वर्षांत स्पेनमध्ये कोण कोण खेळून गेलं याची यादी त्या पोरानं एकदा काढावी.

आणि म्हणे गोलकीपर हात बांधून उभे. अरे, ज्या बार्सिलोनाचा शर्ट तू घातलास, त्यांच्या गोलात तेव्हा रामालेत्स उभा असायचा. 1950 च्या वर्ल्ड कपनंतर लोक त्याला माराकानाचं (ब्राझीलमधलं रिओचं मोठं मैदान) मांजर म्हणायला लागले ते काय झोपा काढतो म्हणून? त्याच माराकानात 2 जुलैला स्पेननं इंग्लंडला 1-0 नं हरवलं, गोल झार्राचा. इंग्लंडच्या गोलात बर्ट विल्यम्स होता. तो पण हात बांधूनच उभा होता का?

मान्य, तेव्हा पाच-पाच फॉरवर्ड खेळायचे, बचावाला आजच्याइतकी माणसं नसायची, गोल जास्त व्हायचे. मेस्सी झार्रापेक्षा मोठा खेळाडू, हेही मान्य. झालं? पण मग त्याच हंगामात बाकीच्या सगळ्या फॉरवर्डना 38 का जमले नाहीत?

झार्रा बिलबाओचा. अथलेटिकचा. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, त्याच्या राजवटीनं परदेशी वाटणारी नावं बंद केली, म्हणून क्लबला तेव्हा अतलेतिको दे बिलबाओ म्हणावं लागायचं. नाव बदललं, टीम बदलली नाही. फक्त बास्क मातीतली, म्हणजे बिलबाओच्या आसपासच्या मुलखातली पोरं. डावीकडून गाईन्सा, आत पानिसो, मधे झार्रा. तेव्हाही तसंच आणि आजही तसंच. मला हा क्लब आवडतो त्याचं कारण हेच. आमच्या पेठांच्या टीमसुद्धा एकेकाळी अशाच होत्या, गल्लीतलं पोरगं गल्लीसाठी खेळायचं. आता बाहेरून, परदेशातून खेळाडू आणतात. खेळ सुधारला असेल, असू दे. अण्णा मॅच बघायला जातात अजून, पण मधेच उठून येतात.

झार्राचा बाप रेल्वेत स्टेशनमास्तर. साधं घर. आणि झार्रा प्रसिद्ध कशासाठी, तर डोक्यासाठी. चर्चिलनंतर युरोपातलं सर्वांत चांगलं डोकं याचं, असं लोक म्हणायचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अण्णांना वाचून दाखवलं होतं. ते खूश झाले होते. कारण बिलबाओत पाऊस कसा, तर तिथल्या बारीक झिमझिमीला सिरिमिरी असं वेगळं नावच आहे. त्या चिखलात, पाणी प्यालेल्या चामड्याच्या बॉलला डोकं लावायचं म्हणजे काय, हे अण्णांना कळतं. मला कळत नाही. त्या पोराला तर नाहीच नाही.

एवढे गोल करूनसुद्धा विजेतेपद बिलबाओला मिळालं नाही. ते अतलेतिको माद्रिदनं नेलं, लागोपाठ दुसऱ्यांदा. कोच एलेनिओ एरेरा, पुढं मोरोक्कोचा बेन बारेक आणि स्वीडनचा कार्लसन. शेवटच्या दिवशी सेव्हिलाच्या मैदानावर सेव्हिलाशीच गाठ पडली, 1-1 सुटली, आणि सेव्हिलाचा एक गोल रेफ्रीनं नाकारला. तिथले म्हातारे अजून त्यावर भांडत असतील. भांडावंच.

हे मी का सांगतोय? कारण व्हिडिओ नाही म्हणजे घडलंच नाही, ही जी नवी समजूत आहे ना, ती मला सहन होत नाही. अण्णांच्या एकाही गोलाचा व्हिडिओ नाही. फोटो एक आहे, टीमचा, त्यात ते दुसऱ्या रांगेत अर्धे दिसतात. मग काय, खेळलेच नाहीत?

आणि पोरा, तुझ्या शर्टाबद्दल अजून एक सांगतो, राग सोडून सांगतो. त्याच हंगामात, 1951 च्या मार्चमध्ये, बार्सिलोनात ट्रामचं भाडं 50 सेंतिमोंवरून 70 केलं. हुकूमशाहीचा काळ, तोंड उघडायची सोय नाही. लोकांनी ट्राममध्ये चढायचंच बंद केलं. 4 मार्चला लेस कोर्ट्स मैदानावर बार्सिलोना आणि रासिंग सांतांदेरची मॅच होती. बार्सिलोना जिंकली. बाहेर पाऊस, आणि ट्राम लोकांची वाट बघत उभ्या. स्टेडियममधली माणसं त्यांच्या शेजारून भिजत, पायी घरी गेली. भाडं शेवटी मागं घ्यावं लागलं. पाठीवर 10 नंबर घालतोस तेव्हा ती भिजलेली माणसंही त्या शर्टात आहेत. त्यांचे गोल मोजायचे की नाही ते तू ठरव.

झार्राची अजून एक गोष्ट. मालागाविरुद्ध मॅच. त्यांचा गोलकीपर अर्नाऊ धडकेत जायबंदी होऊन पडला, समोर गोल मोकळा, बॉल झार्राच्या पायात. त्यानं तो बाहेर मारला. मालागा क्लबनं त्याला सोन्याचं पदक दिलं. गोल मोजण्याबद्दल बोलणाऱ्यानं तो न मारलेला गोलही मोजावा, असं मला मनापासून वाटतं.

लिहिता लिहिता राग उतरला. पोरगं तसं गुणी आहे, परवा अण्णांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला होता त्यानं. त्याला कुणी सांगितलंच नसेल. आम्हीच सांगितलं नाही.

मघाशी अण्णा आत झोपायला गेले होते, ते परत आले. दारात उभे राहून म्हणाले, "त्या माणसाचं नाव काय म्हणालास?"

"झार्रा."

"किती मॅच?"

"30. गोल 38."

जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "तिकडं पाऊस असतोय?"

म्हटलं, "बिलबाओत? भरपूर."

अंगठा परत भुवईच्या वर गेला. म्हणाले, "मग त्याच्याबी कपाळावर असणार की," आणि दिवा घालवून झोपायला गेले.