तान चालू आणि ओठ मिटलेले!

आज दुपारी एका वाहिनीवर ‘संगीत सौभद्र’चं टीव्हीसाठी केलेलं रूपांतर पाहिलं आणि डोकं अजून शांत झालेलं नाही. कृष्ण रुक्मिणीसमोर ‘प्रिये पहा’ गातोय, तान वरच्या षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे निघालीय आणि पडद्यावर त्याचे ओठ मिटलेले! गळ्याची शीरसुद्धा हलत नाही. गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड करून सेटवर नुसते ओठ हलवलेत. अहो, नाट्यपदातली तान दर वेळी वेगळी पडते. गायकाला स्वतःच्याच कालच्या तानेवर आज ओठ जुळवता येत नाहीत.

पद गद्यातूनच उगवतं. शेवटचं वाक्य संपता संपता ऑर्गनवाला हलकेच स्वर धरतो, नट तो उचलतो, तबला मुखड्याच्या, म्हणजे पदाच्या सुरुवातीच्या ओळीच्या, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतो. इथे संवाद संपतो, क्षणभर सगळं गप्प, आणि एकदम स्टुडिओतला घुमारा.

वेळ कमी असतो, मान्य. पूर्वी रात्रभर चालणारी नाटकं आता रंगमंचावरही तीन तासांत बसवतात. पण काटछाट तालमीत करा ना! पाच-सात पदं अख्खी गाळा, चालेल. ठेवाल त्यांचं ध्रुवपद, एक अंतरा, मोजक्या ताना, मग मुखडा घेऊन समेवर थांबा. एडिटिंगला बसून तालाच्या आवर्तनाच्या, म्हणजे एका फेरीच्या, मधेच कापलं की सम हरवते, आणि ताल न कळणाऱ्यालाही तो धक्का बसतो. ‘प्रिये पहा’ देसकारातलं, सकाळच्या रागातलं. रात्र सरून उषःकाल येतोय हेच त्या पदात आहे, आणि यांच्या सेटवर शेवटपर्यंत निळं चांदणं!

सेटवर प्रत्यक्ष गाऊन घेणं अवघड आहे, पण अशक्य नाही. माइक छातीवर लावला की शेला घासतो आणि मान वळली की आवाज पडतो, म्हणून तो कपाळाशी, केसांत लपवायचा. ऑर्गन, तबला, डग्गा, प्रत्येकाला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक. साथीदार कॅमेऱ्याबाहेर, पण गायकाला दिसतील असे. कॅमेरे किमान तीन: एक पूर्ण रंगमंचावर स्थिर, एक गाणाऱ्यावर, तिसरा ऐकणाऱ्यावर. रुक्मिणीचा चेहरा दिसला नाही तर कृष्ण गातोय कुणासाठी?

त्या मुलाचा गळा मात्र सुरेल आहे, अगदी मनापासून सांगते. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ज्या आजी-आजोबांना आता नाट्यगृहाच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्यापर्यंत नाटक टीव्हीवरूनच पोचणार. म्हणून तर जीव तुटतो. हे बडोदं आहे. मौलाबक्षांची गायनशाळा इथे १८८६ला सुरू झाली. गायक भास्करबुवा बखले इथेच फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले आणि पुढे १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकाला त्यांनी चाली दिल्या. या गावातल्या कानांना डबिंग ऐकवायचं?

तुमच्यापैकी कुणी वाहिन्यांमध्ये काम करत असेल तर एवढं करा. माइकची पातळी संवादावर ठरवू नका. गायकाला आधी तार षड्ज पूर्ण आवाजात लावायला सांगा, तिथे आवाज फाटत नाही ना ते बघा, आणि मगच शूटिंग सुरू करा.