सराटा उपटताय की पेरताय?

अंगणभर काटे झडले, चपलेत रुतले, सायकलची ट्यूब बसली, की मग खुरपं शोधायचं! पिवळं फूल दिसत होतं तेव्हा काय आरती ओवाळत होतात? उपटायची वेळ तीच होती.

आणि उपटणं म्हणजे काय, तर वरून ओढायचं. फांद्या हातात, मूळ जमिनीत, पुन्हा फुटायला मोकळं. अहो, जमीन ओली असताना फांद्या जिथून फुटतात तिथून दोन बोटं खाली खुरपं घाला, सोटमूळ तोडा, संपलं! गवत कापायचं यंत्र फिरवणारे तर धन्यच. सराटा जमिनीला चिकटून पसरतो, पातं वरून जातं.

तणनाशक? हिरव्या वेलावर चालेल, पण पिकलेल्या काट्याला ढिम्म काही होत नाही. एक फळ फुटून पाच काटे, प्रत्येकात दोन-चार बिया, त्याही वर्षानुवर्षं मातीत दबा धरून. झाडूने ते निघत नाहीत. जुनं पोतं दाबत ओढा, काटे त्यालाच टोचून वर येतात.

आणि एवढं करून तो ढीग टाकायचा कुठे? खतखड्ड्यात! म्हणजे पुढच्या पावसात वाफ्यावाफ्यात सराटा, तोही खत घालून.